पगार ठरला होता, तरी पद सोडलं: संघाचा जनरल मॅनेजर आणि मालक यांच्यात शेवटचा शब्द कुणाचा?

३१ ऑक्टोबर २००५. अमेरिकेत हॅलोविनचा दिवस. या दिवशी लोक चित्रविचित्र वेश करून रस्त्यावर फिरतात. बोस्टनच्या फेनवे पार्क या बेसबॉल मैदानाबाहेर मात्र पत्रकार आणि कॅमेरेवाले ताटकळत उभे होते. त्यांना रेड सॉक्स संघाचे जनरल मॅनेजर थिओ एपस्टीन यांना गाठायचं होतं. एपस्टीन यांचा करार त्याच दिवशी संपत होता आणि त्यांनी नवा करार नाकारल्याची बातमी फुटली होती.

तेवढ्यात कार्यालयातून एक गोरिला बाहेर पडला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निघून गेला. त्या गोरिलाच्या पोशाखात एपस्टीनच होते.

किस्सा मजेशीर आहे, पण त्यामागचा प्रश्न गंभीर होता. ३१ वर्षांच्या या माणसाने एकच वर्ष आधी बोस्टनला ८६ वर्षांनंतर विजेतेपद मिळवून दिलं होतं. त्या वेळच्या बातम्यांनुसार त्यांच्यासमोर तीन वर्षांचा करार होता आणि वर्षाला साधारण १५ लाख डॉलर पगार. पैशावरून घोडं अडलेलं नव्हतं. मग अडलं कुठे?

अडलं होतं स्वायत्ततेवर. म्हणजे संघ कसा बांधायचा, कुणाला किती पैसे द्यायचे, कुणाला सोडायचं, यावर शेवटचा शब्द कुणाचा? जनरल मॅनेजरचा, त्याच्या वरच्या साहेबाचा, की मालकाचा?

आधी समजून घेऊ, जनरल मॅनेजर म्हणजे कोण?

आपल्याकडे 'मॅनेजर' म्हटलं की गोंधळ होतो. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे मैदानाच्या कडेला उभं राहून संघ खेळवणारा माणूस. अमेरिकेच्या बेसबॉलमध्येही प्रशिक्षकालाच मॅनेजर म्हणतात. जनरल मॅनेजर, म्हणजे जीएम, हा वेगळा माणूस. तो मैदानावर नसतो, ऑफिसात असतो.

संघ तयार करणं हे त्याचं काम. नवख्या खेळाडूंची निवड, म्हणजे ड्राफ्ट, त्याच्या देखरेखीखाली होते. दुसऱ्या संघाशी खेळाडूंची अदलाबदल तो ठरवतो. करार संपलेल्या खेळाडूंच्या एजंटशी पैशाची बोलणी तो करतो. देशभर फिरून खेळाडू हेरणारे स्काउट, आकडेवारीचे विश्लेषक, ज्युनियर संघांचे प्रशिक्षक असा मोठा फौजफाटा त्याच्या हाताखाली असतो.

आयपीएलच्या लिलावात एका टेबलावर मालक, प्रशिक्षक आणि विश्लेषक एकत्र बसलेले दिसतात. बोली लावायची की थांबायचं हे तिथेच कुजबुजत ठरतं. अमेरिकेत हे काम दोन-तीन दिवसांत उरकत नाही. ते वर्षभर फोनवर आणि बंद खोलीत चालतं, आणि त्याचा चेहरा असतो जीएम.

या नोकरीत एक विचित्र गोष्ट आहे. जीएम दोन प्रकारच्या वाटाघाटी करतो. खेळाडूंशी बोलताना तो मालकाच्या बाजूने बसतो आणि मालकाचे पैसे वाचवायला बघतो. स्वतःचा करार संपत आला की मात्र तो त्याच मालकाच्या समोरच्या खुर्चीत बसतो. पहिल्या टेबलावर त्याचं किती चालेल, हे दुसऱ्या टेबलावर ठरतं. म्हणून जीएमच्या स्वतःच्या करारात पगारापेक्षा अधिकाराची चर्चा जास्त अवघड असते.

गुरू-शिष्याची जोडी

एपस्टीन यांची गोष्ट समजायला थोडं मागे जावं लागेल.

फेनवे पार्कपासून जवळच असलेल्या ब्रुकलाइनमध्ये ते वाढले. येल विद्यापीठात शिकत असताना बाल्टिमोर ओरिओल्स संघात त्यांनी इंटर्नशिप केली. तिथे अध्यक्ष होते लॅरी लुकिनो. पुढे लुकिनो सॅन डिएगो पाद्रेसमध्ये गेले, तेव्हा एपस्टीनही तिकडे गेले. लुकिनो स्वतः वकील. त्यांच्याच आग्रहाने एपस्टीन यांनी नोकरी सांभाळत कायद्याची पदवी घेतली. थोडक्यात, लुकिनो यांनीच त्यांना घडवलं.

२००२ मध्ये जॉन हेन्री, टॉम वर्नर आणि लुकिनो यांच्या गटाने रेड सॉक्स विकत घेतला. हेन्री हे मुख्य मालक, वर्नर अध्यक्ष आणि रोजचा कारभार बघणारे प्रमुख लुकिनो. नव्या मालकांची जीएमसाठी पहिली पसंती होती ओकलंडच्या बिली बीन यांना. 'मनीबॉल' सिनेमा पाहिला असेल, तर ब्रॅड पिटने रंगवलेले बीन आठवत असतील. सिनेमाच्या शेवटी त्यांना फेनवे पार्कमध्ये मोठी ऑफर मिळते, ती हीच. पाच वर्षांसाठी १ कोटी २५ लाख डॉलर. बीन यांनी आधी होकार दिला आणि मग लगेच माघार घेतली.

त्यानंतर नोव्हेंबर २००२ मध्ये ही खुर्ची एपस्टीन यांना मिळाली. वय फक्त २८. तोवर मेजर लीग बेसबॉलमध्ये इतका तरुण जीएम कुणी झाला नव्हता.

पुढच्या दोन वर्षांत त्यांनी काय केलं, ते बघा. मिनेसोटाने सोडून दिलेल्या डेव्हिड ऑर्टिझला जानेवारी २००३ मध्ये साडेबारा लाख डॉलरच्या एका वर्षाच्या करारावर घेतलं. पुढे तो बोस्टनचा सगळ्यात लाडका खेळाडू झाला. कर्ट शिलिंग या गोलंदाजाचं मन वळवायला एपस्टीन त्याच्या घरी थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला जाऊन बसले. जुलै २००४ मध्ये त्यांनी शहराचा हिरो असलेल्या नोमार गार्सियापाराला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. लोक चिडले. तीन महिन्यांनी तेच लोक रस्त्यावर नाचत होते, कारण १९१८ नंतर पहिल्यांदाच बोस्टनने वर्ल्ड सिरीज जिंकली होती. त्याआधीच्या फेरीत यांकीजविरुद्ध ०-३ ने मागे पडूनही बोस्टनने सलग चार सामने जिंकले होते.

मग बिनसलं कुठे?

यश मिळालं की श्रेयाचे वाटेकरी वाढतात. बोस्टनमध्येही तेच झालं.

कागदावर एपस्टीन यांचे साहेब होते लुकिनो. मोठ्या व्यवहारांत लुकिनोही उतरत. २००३ च्या डिसेंबरमध्ये त्या काळचा सगळ्यात महागडा खेळाडू अ‍ॅलेक्स रॉड्रिग्ज बोस्टनला आणण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा तो व्यवहार फिसकटल्याचं लोकांना सांगायला पुढे होते ते लुकिनोच. साध्या भाषेत सांगायचं, तर किल्ल्या एपस्टीन यांच्याकडे होत्या, पण दाराला दुसरं कुलूपही होतं.

२००५ चा हंगाम संपला आणि कराराची बोलणी सुरू झाली. समोरच्या बाजूला होते लुकिनो. ज्यांनी हाताला धरून शिकवलं, त्यांच्याशीच आता घासाघीस करायची होती. बातम्यांनुसार आकडा हळूहळू वर सरकत १५ लाखांवर आला. करार होणार असंच सगळे धरून चालले होते.

३० ऑक्टोबरच्या रविवारी 'बोस्टन ग्लोब'मध्ये डॅन शॉनेसी यांचा स्तंभ छापून आला. त्यात गुरू-शिष्यातल्या तणावाचं वर्णन होतं. कोलोरॅडोसोबत फिसकटलेल्या एका अदलाबदलीचा उल्लेख होता आणि त्यात लुकिनो यांनी एपस्टीन यांचा दोष स्वतःच्या अंगावर घेतला, असा सूर होता. आतल्या माणसाशिवाय हे तपशील बाहेर जाणं कठीण, असं एपस्टीन यांच्या बाजूच्या लोकांना वाटलं. त्यात भर म्हणजे 'ग्लोब'ची मालकी असलेल्या न्यूयॉर्क टाइम्स कंपनीचीच रेड सॉक्समध्ये सुमारे १७ टक्के भागीदारी होती.

दुसऱ्याच दिवशी एपस्टीन यांनी नकार कळवला.

दोन दिवसांनी पत्रकार परिषद झाली. एपस्टीन यांनी कुणावरही थेट बोट ठेवलं नाही. हे काम करायचं तर मन पूर्णपणे त्यात असावं लागतं, संस्थेवर पूर्ण विश्वास असावा लागतो आणि आपल्याला आता तसं वाटत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. मालक जॉन हेन्री यांनी दोष स्वतःकडे घेतला. आपण या संघाचे मुख्य मालक व्हायला लायक आहोत का, असा प्रश्न त्यांनी जाहीरपणे स्वतःलाच विचारला. अब्जाधीश मालक असं क्वचित बोलतात.

ऐंशी दिवस एपस्टीनशिवाय

एपस्टीन गेल्यावर रेड सॉक्स कोलमडला का? तर नाही.

नोव्हेंबरमध्येच संघाने एक मोठी अदलाबदल केली. हॅनली रामिरेझ आणि अनिबाल सांचेझ या तरुण खेळाडूंसह काही जणांना फ्लोरिडाला दिलं आणि जॉश बेकेट व माईक लोवेल यांना आणलं. रामिरेझ पुढच्याच वर्षी त्याच्या लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. पण दोन वर्षांनी, २००७ मध्ये, बोस्टनने पुन्हा वर्ल्ड सिरीज जिंकली, तेव्हा त्या मालिकेचा मानकरी होता लोवेल आणि त्याआधीच्या फेरीचा मानकरी होता बेकेट. दुसरीकडे, याच काळात जॉनी डेमन हा लोकप्रिय खेळाडू बोस्टन सोडून थेट कट्टर वैरी यांकीजकडे गेला.

म्हणजे जीएम नसतानाही व्यवहार होतात. काही जमतात, काही हातचे जातात. मालकांच्या बाजूने बोलायचं तर हा महत्त्वाचा मुद्दा आहे. एकट्या जीएममुळे संघ चालत नाही. त्याने उभी केलेली टीम, स्काउट आणि मालकाचे पैसे हे सगळं मिळून संघ चालतो.

डिसेंबरमध्ये जेड हॉयर आणि बेन चेरिंग्टन या एपस्टीन यांच्याच दोन सहकाऱ्यांना मिळून जीएम करण्यात आलं. आणि जानेवारी २००६ मध्ये बातमी आली की एपस्टीन परत येत आहेत.

संघाची दिशा काय असावी, यावर अनेक आठवडे चर्चा झाली आणि आता सगळ्यांचं एकमत झालं आहे, असं सांगण्यात आलं. लुकिनो आपल्या पदावर कायम राहिले, एपस्टीन पुन्हा जीएम झाले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, मग बदललं काय? बदललं ते इतकंच की कुणी कुणाच्या कामात किती यायचं, हे मालकांना बसून बोलावं लागलं. एपस्टीन बाहेर पडले नसते, तर ही बैठक बहुधा झालीच नसती.

करारात स्वायत्तता लिहितात कशी?

'जीएमला पूर्ण स्वातंत्र्य राहील' असं एक वाक्य लिहून भागत नाही. प्रत्यक्षात हा अधिकार पाच प्रश्नांच्या उत्तरांत विभागलेला असतो.

१. वरचा साहेब कोण? जीएम थेट मालकाला उत्तर देतो की मध्ये आणखी कुणी बसलेलं आहे? मध्ये जितकी माणसं, तितकं स्वातंत्र्य कमी. बोस्टनमधलं खरं दुखणं हेच होतं.

२. खेळाडूंच्या यादीवर ताबा कुणाचा? अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमध्ये ५३ खेळाडूंच्या यादीवर अंतिम अधिकार कुणाचा, हा प्रत्येक मोठ्या नेमणुकीच्या वेळी विचारला जाणारा प्रश्न आहे. १९९६ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सचे प्रशिक्षक बिल पार्सेल्स यांना ड्राफ्टमध्ये बचावातला खेळाडू हवा होता. मालक रॉबर्ट क्राफ्ट यांच्या काळात संघाने घेतला टेरी ग्लेन हा आक्रमणातला खेळाडू. संघ त्या हंगामात सुपर बोलपर्यंत पोहोचला, पण त्यानंतर पार्सेल्स निघून गेले. स्वयंपाक मी करायचा असेल तर बाजारहाटही मला करू द्या, अशा अर्थाचं त्यांचं बोलणं अमेरिकेत आजही सांगितलं जातं.

३. पैशाची मर्यादा किती? ठरलेल्या बजेटच्या आत जीएमला मोकळीक असते. पण दहा-पंधरा कोटी डॉलरचा करार मालकाच्या होकाराशिवाय होत नाही. इथे 'स्वायत्तता' म्हणजे मालकाने अडवायचं नाही असं नाही, तर मालकाने कारण असल्याशिवाय अडवायचं नाही.

४. प्रशिक्षक नेमण्याचा आणि काढण्याचा अधिकार कुणाचा? मालकाने परस्पर प्रशिक्षक आणला, तर तो जीएमचं कशाला ऐकेल?

५. मुदत किती आणि बाहेर पडायचा रस्ता कोणता? करार चालू असलेल्या अधिकाऱ्याशी दुसऱ्या संघाला बोलायचं असेल, तर आधी त्याच्या संघाची परवानगी लागते. बढती मिळत असेल, तर ती परवानगी बहुतेक वेळा दिली जाते. म्हणून पदाचं नाव ही नुसती पाटी नसते.

यातले पहिले चार मुद्दे रोजच्या कामाचे. पण ते मागायची संधी जीएमला एकदाच मिळते, करार करताना किंवा करार संपताना. मधल्या काळात त्याच्या हातात फारसं काही नसतं.

'मी विरोधात होतो', मालक म्हणाले

बोस्टनच्या गोष्टीचा पुढचा भाग आणखी बोलका आहे.

डिसेंबर २०१० मध्ये रेड सॉक्सने कार्ल क्रॉफर्डशी सात वर्षांचा, १४ कोटी २० लाख डॉलरचा करार केला. क्रॉफर्डला बोस्टन मानवलं नाही. २०११ च्या सप्टेंबरमध्ये संघ असा घसरला की २७ पैकी २० सामने हरला आणि पुढच्या फेरीची हातात आलेली जागा गमावून बसला. प्रशिक्षक टेरी फ्रँकोना गेले. एपस्टीन शिकागोच्या वाटेवर होते.

त्याच ऑक्टोबरमध्ये जॉन हेन्री बोस्टनच्या एका रेडिओ स्टेशनच्या स्टुडिओत पोहोचले आणि थेट कार्यक्रमात म्हणाले की क्रॉफर्डला घ्यायला आपला वैयक्तिक विरोध होता.

मालकाचा विरोध असूनही १४ कोटींचा करार झाला! याला स्वायत्तता म्हणायची तर ती पूर्ण होती. पण निर्णय फसल्यावर मालकाला 'मी आधीच सांगत होतो' म्हणता आलं, हीच त्या स्वायत्ततेची दुसरी बाजू.

एपस्टीन यांची बाजू नंतर पुढे आली. २०१३ मध्ये फ्रँकोना यांचं पुस्तक आलं. त्याचे सहलेखक होते तेच डॅन शॉनेसी, ज्यांच्या स्तंभाने २००५ मध्ये आग लागली होती. टीव्हीचे प्रेक्षक टिकवण्यासाठी नावाजलेले, चमकदार खेळाडू आणण्याचा दबाव त्या काळात वाढत गेला आणि त्यामुळे संघाची मूळ दिशा सुटली, असं चित्र त्या पुस्तकात उभं राहतं.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मालक एखाद्या खेळाडूला विरोध करतो आणि त्याच वेळी 'काहीतरी मोठं करा' असं वातावरणही त्याच्याच कंपनीत तयार होतं. वातावरणाच्या दबावाविरुद्ध करारात कलम घालता येत नाही.

शिकागोने काय वेगळं दिलं?

ऑक्टोबर २०११ मध्ये एपस्टीन शिकागो कब्सकडे गेले. बोस्टनशी त्यांच्या कराराचं एक वर्ष शिल्लक होतं, त्यामुळे कब्सला भरपाई द्यावी लागली. ख्रिस कार्पेंटर नावाचा एक गोलंदाज त्या बदल्यात बोस्टनला मिळाला. अधिकाऱ्याच्या बदल्यात खेळाडू!

पाच वर्षांचा करार, बातम्यांनुसार १ कोटी ८५ लाख डॉलर. पण खरा फरक पदात होता. एपस्टीन जीएम म्हणून गेले नाहीत, तर 'बेसबॉल ऑपरेशन्सचे अध्यक्ष' म्हणून गेले. जीएमच्या खुर्चीवर त्यांनी जेड हॉयर यांना बसवलं. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर निवड समितीचा अध्यक्ष तेच आणि समिती नेमणारेही तेच. वर थेट मालक टॉम रिकेट्स. मध्ये कुणी लुकिनो नाही.

मग एपस्टीन यांनी मालकाकडून सगळ्यात महागडी गोष्ट मागून घेतली, ती म्हणजे हरण्याची परवानगी. २०१२ मध्ये कब्स १०१ सामने हरला. २०१३ मध्ये ९६, २०१४ मध्ये ८९. तिकीट काढून येणारा प्रेक्षक वैतागला. जुने खेळाडू विकून तरुण खेळाडू जमवणं सुरूच राहिलं. रिकेट्स यांनी धीर सोडला नाही. २०१६ मध्ये कब्सने वर्ल्ड सिरीज जिंकली, तीही १०८ वर्षांनी. त्याआधी काही आठवडे एपस्टीन यांना पाच वर्षांचा नवा करार मिळाला होता. आकडा सांगितला गेला ५ कोटी डॉलरच्या घरातला.

स्वायत्ततेची खरी परीक्षा ही असते. जिंकत असताना सगळेच मालक मोकळीक देतात. तिसऱ्या वर्षीही संघ हरत असताना कोण देतो, ते बघायचं.

एकच शहर, दोन टोकं

डॅलस शहरात या प्रश्नाची दोन टोकं बघायला मिळतात.

पहिलं टोक डॅलस काउबॉइज. जेरी जोन्स यांनी १९८९ मध्ये हा एनएफएल संघ १४ कोटी डॉलरला घेतला आणि तेव्हापासून मालकही तेच, जीएमही तेच. प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्यासोबत त्यांनी लागोपाठ दोन सुपर बोल जिंकले. पण संघ कुणी घडवला, यावरून दोघांत बिनसलं आणि १९९४ मध्ये जॉन्सन गेले. १९९५ च्या हंगामात काउबॉइजने आणखी एक सुपर बोल जिंकला. त्यानंतर एकही नाही. दुसऱ्या कुठल्याही संघात इतकी वर्षं विजेतेपद न मिळालेला जीएम टिकला नसता. इथे मात्र जीएमला काढणारा आणि जीएम एकच आहे.

दुसरं टोक डॅलस मॅव्हेरिक्स. फेब्रुवारी २०२५ मध्ये एनबीएच्या या संघाने लुका डॉन्चिच या आपल्या सगळ्यात मोठ्या खेळाडूला लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन टाकलं. बदल्यात अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि ड्राफ्टमधली एक निवड मिळाली. सोशल मीडियावर त्या रात्री अनेकांना ही बातमी खोटीच वाटली होती. ही कल्पना जीएम निको हॅरिसन यांची आणि त्याला संमती संघाची सूत्रं हाती असलेल्या पॅट्रिक ड्युमोंट यांची. चाहत्यांनी मैदानात 'निकोला काढा' अशा घोषणा दिल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये हॅरिसन यांना काढून टाकण्यात आलं.

संमती मालकाची, खुर्ची गेली जीएमची. स्वातंत्र्याबरोबर हे बिलही येतं आणि ते नेहमी एकाच बाजूच्या नावावर फाटतं.

लिव्हरपूलच्या चाहत्यांनी हे वाचावं

पुण्या-मुंबईत रात्री उशिरापर्यंत जागून लिव्हरपूलचे सामने बघणाऱ्यांना जॉन हेन्री हे नाव नवं नाही. रेड सॉक्सचे मालक असलेल्या त्यांच्याच कंपनीने, म्हणजे आताच्या फेनवे स्पोर्ट्स ग्रुपने, २०१० मध्ये लिव्हरपूल घेतला.

तिथे खेळाडूंच्या खरेदीची सूत्रं बरीच वर्षं मायकल एडवर्ड्स यांच्याकडे होती. सालाह, व्हॅन डाइक, अ‍ॅलिसन हे सगळे त्यांच्या काळात आले. २०२२ मध्ये एडवर्ड्स बाहेर पडले. योर्गन क्लॉप जाणार हे ठरल्यावर मालकांनी त्यांना पुन्हा बोलावलं. बातम्यांनुसार पहिल्यांदा त्यांनी नकार दिला. मार्च २०२४ मध्ये ते परतले, पण जुन्या खुर्चीवर नाही. संपूर्ण ग्रुपच्या फुटबॉल विभागाचे प्रमुख म्हणून परतले. आणखी एक क्लब घेण्याची आणि तो सांभाळण्याची मालकांची तयारी, हे परतण्याचं एक मोठं कारण असल्याचं त्यांनीच सांगितलं.

योगायोग म्हणजे त्याआधी महिनाभर, फेब्रुवारी २०२४ मध्ये, याच ग्रुपमध्ये सल्लागार आणि भागीदार म्हणून आणखी एक जण परतला होता. थिओ एपस्टीन. गोरिलाच्या पोशाखात ज्या मालकांच्या दारातून ते बाहेर पडले होते, त्यांच्याच टेबलावर आता ते मालकांच्या बाजूला बसतात.

मग शेवटचा शब्द कुणाचा?

कायद्याने बघितलं तर नेहमीच मालकाचा. पैसे त्याचे, संघ त्याचा, सही त्याची. कुठलाही करार हे बदलू शकत नाही.

पण मालक तो शब्द किती वेळा वापरतो, कुठल्या टप्प्यावर वापरतो आणि निर्णय चुकल्यावर कुणाच्या पाठीशी उभा राहतो, हे मात्र ठरवता येतं. एपस्टीन यांनी २००५ मध्ये मागितलं ते एवढंच. त्यासाठी त्यांना घरच्या शहरातली, स्वप्नातली नोकरी सोडण्याची तयारी दाखवावी लागली. ती तयारी खरी होती, म्हणूनच मालक बोलायला बसले.

पुढच्या वेळी एखाद्या संघाने भलताच खेळाडू विकला किंवा विकत घेतला आणि टाइमलाइनवर जीएमच्या नावाने शिव्या सुरू झाल्या, तर एक प्रश्न आधी विचारून बघा. हा निर्णय त्याचा होता, की फक्त त्याच्या नावावर जाहीर झाला?